गाडीने उत्तरेकडे: ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, आग्रा, डीग आणि पानिपत

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, पुण्याहून आपल्याच गाडीने निघालो आणि १७ दिवस उत्तरेत फिरून आलो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) खूप आले, सगळ्यांना तेच तेच लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

आधी मुद्दा सांगते, तपशील नंतर. उत्तरेची ट्रिप म्हटलं की आपल्याकडे दिल्ली-आग्रा-जयपूर, विमानाने जायचं, पाच दिवसात उरकायचं आणि ताजसमोरचा फोटो घेऊन यायचं. मला अगदी मनापासून वाटतं की हा रस्ता एकदा तरी गाडीने करावा, आणि मोठ्या नावांमधली जी छोटी गावं आहेत तिथे मुक्काम टाकावा. पुण्याहून नाशिक, धुळे, पळासनेर, मग सेंधवा, खलघाटला नर्मदा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, मुरैनाच्या पुढे चंबळ आणि मग आग्रा. अठराव्या शतकात आपली माणसं याच दिशेने घोड्यावरून गेली, नर्मदा ओलांडली की मुलूख बदलतो हे त्यांना जसं कळत असेल तसं आपल्यालाही गाडीत बसून कळतं. माती बदलते, घरांची कौलं बदलतात, चहा गोड होत जातो. खलघाटच्या पुलावर सासूबाईंनी काच खाली करून नर्मदेला हात जोडले तेव्हाच मला वाटलं की विमानाने आलो नाही ते बरं झालं.

पहिला मुक्काम इंदूर, दुसरा शिवपुरी. शिवपुरीला बहुतेक लोक थांबत नाहीत पण शिंद्यांच्या छत्र्या बघायला अर्धा दिवस द्याच. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड बसवलेलं काम आहे, गर्दी नाही, बाग शांत. आणि तात्या टोपेंना १८ एप्रिल १८५९ ला फाशी दिली ती याच गावात, तिथे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं. मुलगा पाटी दोनदा वाचून आला.

ग्वाल्हेरला तीन रात्री. एक दिवस पुरतो असं सगळे सांगतात, अजिबात पुरत नाही. मानमंदिर महालाच्या भिंतीवरच्या त्या निळ्या-पिवळ्या टाइल्स, त्यात ओळीने चालणारी पिवळी बदकं, पाचशे वर्षं उन्हात उभी आहेत आणि रंग अजून ताजा. राजा मानसिंह तोमराने बांधला, तो १४८६ ते १५१६ गादीवर होता. पण मला जे बघायचं होतं ते दुसरंच होतं. किल्ल्याच्या पूर्वेच्या चढणीवर एक लहानसं चतुर्भुज मंदिर आहे, एका अखंड कातळात कोरलेलं, आपल्या घरातल्या स्वयंपाकघराएवढंसुद्धा नसेल. आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवळाला बाग दान दिली, ती २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या, असा मजकूर. २७० मधलं शून्य आणि ५० मधलं शून्य. तिथल्या माणसाने बॅटरी तिरकी धरली तेव्हा ते दिसलं, आपण आज लिहितो तसंच गोल, बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा लहान, जरा वर उचललेलं. मुलाने बोट न लावता हवेत तो आकडा गिरवला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हा फुलांचा हिशोब आहे." हो ना, फुलांचा हिशोबच आहे. जगातल्या फार जुन्या शून्यांपैकी एक शून्य देवाच्या माळांच्या हिशोबात सापडावं हे मला अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी वर जाते ती पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने. गाडीनेच चढलात आणि गाडीनेच उतरलात तर हे मंदिर चुकतं. आम्ही नवऱ्याला गाडी घेऊन खाली पाठवलं आणि आम्ही तिघं पूर्वेच्या बाजूने हळूहळू पायी उतरलो, खाली गुजरी महाल लागतो, तिथलं म्युझियमही बघून झालं.

मग दतिया. खरं सांगू का, अख्ख्या ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती जागा. ग्वाल्हेरहून झाशीला जाताना वाटेवर आहे. बुंदेला राजा बीरसिंह देव याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला सात मजली महाल गावाच्या डोक्यावर टेकडीवर उभा आहे, आणि त्यात राजघराणं कधी राहिलंच नाही असं सांगतात. गावात पीतांबरा पीठाला प्रचंड गर्दी, महालात आम्ही चौघं आणि एक पहारेकरी. मधोमध चौकात एक उंच बुरुजासारखी इमारत आणि चारी बाजूंनी पुलांनी ती बाहेरच्या महालाला जोडलेली, म्हणजे आपण वरच्या मजल्यावर एका दालनातून निघून हवेतल्या पुलावरून मधल्या इमारतीत जातो. जिने काळोखे आहेत, वटवाघळांचा वास येतो, पायऱ्या उंच आहेत. आणि मग एकदम जाळीतून दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं दिसतं, छतावर फेर धरलेल्या बायकांचं चित्र. पहारेकऱ्याने कुलूप काढून दाखवलं. मी त्या खोलीत जमिनीवर बसूनच राहिले.

ओरछाला दोन रात्री, आग्र्याला तीन, भरतपूरला एक (तिथून डीग), दिल्लीत तीन आणि त्यातला एक अख्खा दिवस पानिपत. परत येताना जयपूरवरून चित्तोड. सविस्तर विचाराल तसं लिहिते.

गोदाकाठचा
वा, मस्त धागा! आमच्या नाशिककरांसाठी झाशीचा किल्ला म्हणजे वेगळाच विषय. झाशीचा मूळ किल्लाही बीरसिंह देवाचाच, १६१३ चा, पण मराठ्यांच्या काळात नारोशंकर तिथे सुभेदार होते आणि त्यांनी किल्ला वाढवला, तो भाग शंकरगढ म्हणतात. तेच नारोशंकर ज्यांचं देऊळ आमच्या पंचवटीत गोदावरीच्या काठावर आहे आणि ज्याची घंटा पुराच्या पाण्याला लागली की शहर समजून जातं. मी झाशीला उभा राहिलो तेव्हा ही घंटाच आठवत होती, नऊशेएक किलोमीटर लांब येऊन आपल्या घाटावरचा माणूस भेटल्यासारखं झालं.

आता प्रश्न. माझे वडील ७४ चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दतिया, ओरछा त्यांना जमेल का? आणि रोज किती किलोमीटर चालवलीत?

कृष्णाकाठ
@गोदाकाठचा, घंटेचं वाचून छान वाटलं, सासूबाईंना वाचून दाखवलं.

गुडघ्याचं स्पष्ट सांगते. दतियाच्या वरच्या मजल्यांवर त्यांना नेऊ नका. सासूबाई पहिल्या चौकापर्यंत आल्या आणि तिथे सावलीत बसल्या, पहारेकऱ्याने त्यांना स्टूल आणून दिलं आणि तासभर दोघं आपापल्या नातवंडांबद्दल बोलत होते, एक बुंदेलीत आणि एक मराठीत. ओरछाला जहांगीर महालातही पायऱ्या उंच आहेत, पण खालच्या चौकातून बरंच दिसतं. राम राजा मंदिर आणि बेतवेच्या काठच्या छत्र्या मात्र कोणालाही जमतील. ताज, इतिमादुद्दौला इथे थोड्याच पायऱ्या, हुमायूनच्या मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढायचा जिना मात्र उंच आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर हे सगळं गाडीने फिरत बघता येतं, आम्ही उतरलो ती पायवाट तेवढी टाळा. फतेहपूर सिक्रीला पार्किंगपासून बस वर सोडते पण बुलंद दरवाजाच्या पायऱ्या खूप, तिथे वडिलांना बादशाही दरवाजाच्या बाजूने न्या, त्या बाजूने चढ कमी आहे.

चालवण्याचं म्हणाल तर पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस सोडले तर बहुतेक दिवस दीडशे किमीच्या आत. हेच तर या पट्ट्याचं वैशिष्ट्य आहे. ग्वाल्हेर-दतिया ७५, दतिया-झाशी ३०, झाशी-ओरछा १८, सिक्री-भरतपूर २०-२२, भरतपूर-डीग ३५. सकाळी नाश्ता करून निघालं की उन्हं वर यायच्या आत पुढच्या गावी.

ग्वाल्हेरकर_मराठी
आमच्या गावाबद्दल इतकं प्रेमाने लिहिलंत, धन्यवाद. आमची सहावी पिढी ग्वाल्हेरात, घरात अजून मराठी आहे, मुलांची थोडी हिंदीमिश्रित झालीये पण आहे. पुढच्या वेळी आलात तर महाराज बाड्यावर संध्याकाळी नक्की या. बाडा म्हणजे आपला वाडाच. त्या चौकात एका जागी उभं राहिलं की सात वेगवेगळ्या शैलींच्या इमारती दिसतात.

थोडी भर घालतो. उरवाईच्या रस्त्याने चढताना दोन्ही बाजूंच्या कड्यात ज्या जैन मूर्ती आहेत त्या पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या. लोक गाडीतून बघत पुढे जातात. कृपा करून उतरा. चेहरे फोडलेले दिसतील, बाबराच्या हुकमाने फोडले, त्याने स्वतःच्या आठवणीत तसं लिहून ठेवलंय. काही मूर्तींना नंतर जैन समाजाने पुन्हा चेहरे बसवले. खालून वर बघितल्यावर मूर्तीच्या पायाच्या बोटांशी आपलं डोकं येतं तेव्हा उंची कळते.

वर गुरुद्वारा आहे, दाता बंदी छोड. सहावे गुरू हरगोबिंदजी जहांगीराच्या कैदेत याच किल्ल्यावर होते. सुटताना आपल्यासोबत ५२ राजांना सोडवून नेलं अशी परंपरा आहे. तिथे लंगर मिळतो, दुपारी किल्ल्यावर असाल तर तिथेच जेवा.

खाली शहरात तानसेनची कबर, गौस मोहम्मदाच्या मकबऱ्याच्या आवारात. मकबरा मोठा, चारी बाजूंनी दगडी जाळ्या, आणि शिष्याची कबर शेजारी उघड्यावर, अगदी साधी. शेजारच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा सुधारतो म्हणून गाणारी मंडळी पानं तोडत आली आहेत. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तेव्हा आलात तर दोन्ही होईल.

आणि फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. झाशीला जाणारे सगळे झाशीचा किल्ला बघतात, पण राणी गेल्या त्या आमच्या ग्वाल्हेरात, जून १८५८ मध्ये. तिथे फुलं घेऊन या.

कृष्णाकाठ
@ग्वाल्हेरकर_मराठी, समाधीवर गेलो होतो. सासूबाईंनी आदल्या रात्रीच गजरा आणून ठेवला होता. लंगरमध्ये मात्र जेवलो नाही, आता वाईट वाटतंय.

घाटवाट
धागा वाचनखूण साठवली. मी या रस्त्याने चार वेळा गाडी नेलीये, रस्त्याबद्दल थोडं लिहितो म्हणजे नवीन लोकांना उपयोग होईल.

मुंबई-आग्रा रस्ता आता बहुतेक चांगला चौपदरी आहे. सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट उतारावर सावकाश, ट्रक ब्रेक तापवत उतरतात, त्यांच्या मागे चिकटू नका. यमुना एक्सप्रेसवे १६५ किमी, सरळसोट काँक्रीट, उन्हाळ्यात टायर फुटण्याचे प्रकार होतात म्हणून हवा जास्त भरून घेऊ नका, टायर जुने असतील तर निघायच्या आधी बदला, वाटेत बदलू म्हणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं धुकं. डिसेंबरचा मध्य ते जानेवारी अखेर ग्वाल्हेरपासून वर दिल्ली, पानिपतपर्यंत सकाळी बोनेटच्या पुढे दिसत नाही अशी अवस्था असते. थंडीत एक्सप्रेसवेवरची वेगमर्यादाही कमी करतात. आपल्याकडे महाबळेश्वरचं धुकं बघितलेल्या माणसाला वाटतं त्यात काय, पण ते घाटातलं धुकं आणि हे सपाटीवरचं, मागून ८० ने येणारा ट्रक असलेलं धुकं, यात फरक आहे. नाताळच्या सुट्टीतच जायचं असेल तर सकाळी १० च्या आधी हायवेला लागायचंच नाही असा नियम करा. माझ्या मते ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर अखेर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. एप्रिलनंतर लाल दगड इतका तापतो की सिक्रीच्या अंगणात मोजे घालूनसुद्धा पाय भाजतात.

दिल्लीत शिरताना गाडीचं वय बघा. जुन्या डिझेल गाड्यांचे नियम तिथे वेगळे आहेत आणि सारखे बदलतात, शिवाय नोव्हेंबरात हवा बिघडली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल गाड्यांवर बंदी लागते. गाडी त्यात बसत असेल तर मथुरेला किंवा आग्र्याला ठेवून रेल्वेने दिल्ली करा, सरळ उपाय आहे. पीयूसी चालू हवं, फास्टॅगमध्ये पैसे हवेत.

निशिगंधा_
छान लिहिलंय पण एका बाबतीत असहमत. आग्र्याला तीन रात्री आणि जयपूरवरून नुसतं पुढे जाणं? आमेरचा किल्ला, तिथला शीशमहाल, जंतरमंतर, वर जयगढ, हे सोडून आग्र्याच्या गर्दीत तीन दिवस कशासाठी? आम्हाला आग्र्याचा अनुभव इतका वाईट आला की विचारू नका. पार्किंगपासून गाइड मागे लागतात, एकाने तर चालत्या गाडीच्या खिडकीवर थाप मारून थांबवलं, पुढे गाडी जात नाही म्हणाला, खरं तर जात होती. हॉटेलने बुकिंग असताना दुसरीच खोली दिली. ताज बघितला आणि पळालो.

कृष्णाकाठ
@निशिगंधा_, तुमचा राग समजू शकते, आमच्याही गाडीवर थापा पडल्या. काच वर, मान हलवायची, थांबायचं नाही, एवढंच.

आणि जयपूरला कमी लेखत नाही, पण ते विमानाने, रेल्वेने कधीही होतं म्हणून आम्ही सोडलं. आमेरला मी लग्नाआधी गेले आहे, पुन्हा जाईन.

पण आग्र्याला तीन रात्री का, ते सांगते. पहिल्या दिवशी पहाटे ताज. दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. ५० रुपये तिकीट, आणि वर मुख्य मकबऱ्यात जायचं तर २०० जास्तीचे. ताजबद्दल मी नवीन काय सांगणार, पण दुपारी तिथून सरळ यमुनेच्या पलीकडे इतिमादुद्दौलाच्या मकबऱ्यात जा. नूरजहाँने आपल्या आईवडिलांसाठी बांधला, १६२८ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे ताजचं काम सुरू व्हायच्या चार वर्षं आधी. संगमरवरात रंगीत दगड बसवायचं जे काम ताजमध्ये बघून आपण तोंडात बोट घालतो ते इथे हाताच्या अंतरावर आहे आणि मागून ढकलणारं कोणी नाही. सुरया, फुलदाण्या, सरूची झाडं. मुलाने मोबाइलच्या टॉर्चने बघितलं, एका फुलाच्या पाकळीत एकाच दगडाच्या तीन छटा वापरल्या आहेत, दगडाच्या नैसर्गिक रंगाची बाजू बघून तुकडा कापलाय. ताज आधी आणि हा नंतर बघितला की कळतं की कारागिरांचा हात कुठे बसला होता.

दुसरा दिवस आग्र्याचा किल्ला. मराठी माणसाला हा किल्ला अर्ध्या तासात करवत नाही. १२ मे १६६६. महाराज दरबारात उभे राहिले ती जागा. आम्हाला तिथल्या एका गाइडने एक अंधारी खोली दाखवून "यहीं क़ैद थे" म्हणून सांगितलं. ते खरं नाही. महाराज किल्ल्यात कैदेत नव्हते, त्यांचा मुक्काम शहराबाहेर मिर्झाराजे जयसिंहांच्या मुलाच्या, रामसिंहाच्या तळाजवळ होता आणि त्याभोवती पहारे बसवले होते. तिथूनच ऑगस्टमध्ये ते निसटले. किल्ल्यात कैदेत होता तो शहाजहान, मुसम्मन बुरुजात, आठ वर्षं, आणि तो त्याच वर्षी जानेवारीत वारला. म्हणजे बाप गेल्यावर औरंगजेबाने आग्र्यात दरबार भरवला आणि चारच महिन्यांनी महाराज तिथे आले. ही तारखांची जवळीक मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवली. बुरुजाच्या सज्जातून यमुनेच्या वळणापलीकडे ताज दिसतो. मुलाला मी हे सगळं तिथेच सांगितलं, तो म्हणाला, मग त्या गाइडला खरं सांगूया ना. आम्ही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कुठे लिहिलंय विचारलं, नवऱ्याने त्याला कागदावर तारखा लिहून दिल्या. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे सकाळी गेलो.

तिसरा दिवस सिकंदरा आणि सिक्री. यातलं काय कमी करू सांगा.

मोडीप्रेमी
@कृष्णाकाठ, ती रामसिंहाच्या तळाची दुरुस्ती केलीत ते फार बरं केलंत. राजस्थानी पत्रांमधून हे सगळं तपशीलवार आलेलं आहे.

डीगबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, मी जरा सविस्तर लिहितो कारण पानिपतला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आधी किंवा नंतर डीगला जायलाच हवं. पानिपतानंतर जी माणसं उपाशी, जखमी, थंडीत अंगावर धड कपडा नाही अशी दक्षिणेकडे निघाली त्यांना वाटेत आसरा दिला तो भरतपूरच्या सूरजमल जाटाने. युद्धाआधी भाऊसाहेबांशी बिनसून तो बाजूला झाला होता, तरीही दिला. अन्न, कपडे, औषधपाणी, वाटखर्ची, आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुखरूप पोचवण्याची व्यवस्था. जखमी समशेरबहादूर, बाजीराव-मस्तानीचा मुलगा, तिथे पोचले आणि तिथेच गेले.

आणि हे सगळं करणाऱ्या जाटांशी आपलं सातच वर्षांपूर्वी युद्ध झालं होतं. १७५४ चा कुम्हेरचा वेढा. कुम्हेर हे भरतपूर आणि डीगच्या मधलं गाव, तुमची गाडी तिथूनच गेली असेल. त्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने गेले. अहिल्याबाईंचे यजमान. त्यांची छत्री त्याच भागात गांगरसोलीला आहे. अहिल्याबाई सती निघाल्या होत्या, मल्हाररावांनी थांबवलं, आणि मग पुढची सगळी घाटं-देवळं झाली. सूरजमलाने त्याच मल्हाररावांच्या लोकांना १७६१ मध्ये जेवू घातलं.

कृष्णाकाठ
@मोडीप्रेमी, कुम्हेरवरूनच गेलो आणि थांबलो नाही. माहीत असतं तर सासूबाईंनी गाडी पुढे जाऊच दिली नसती, अहिल्याबाई म्हणजे त्यांचं दैवत. आता दुसऱ्यांदा जाणं आलंच.

डीगचं थोडं लिहिते. दोन तलावांमध्ये महाल, गोपाल भवनाच्या मागच्या बाजूला पाण्यात पडलेलं प्रतिबिंब बघत बसावं. बागेतल्या पाटांमध्ये शेकडो कारंजी आहेत, वर एक मोठा हौद आहे, त्यात पाणी चढवायचं आणि त्याच्या भिंतीला ओळीने भोकं, एकेक भोक एकेका कारंज्याच्या नळाचं. रंगाच्या पुरचुंड्या त्या भोकांत ठेवायच्या की खाली रंगीत पाणी उडायचं. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उंचीवर चालणारं. आणि केशव भवनात तर पावसाळ्याचा भास व्हावा म्हणून छतात दगडी गोळे ठेवले होते, पाण्याच्या जोराने ते घरंगळले की ढग गडगडल्यासारखा आवाज यायचा. आता वर्षातून एखाद-दोन वेळा जत्रेला कारंजी सुरू करतात, आम्ही गेलो तेव्हा बंद होती, पण हौदावर चढून आम्ही ती भोकं बघितली. नवरा इंजिनियर, तो तिथून हलेना.

डीगहून मथुरेच्या वाटेवर गोवर्धनला कुसुम सरोवर आहे, सूरजमलाची छत्री तिथेच. आम्ही संध्याकाळी पोचलो. तेव्हा मला तो आसरा दिल्याचा प्रसंग माहीत होता, म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पायरीवर डोकं टेकवून आल्या.

पाटलीण_बाई
रडवलंत. आमच्या घरात सांगतात की आमच्या घराण्यातले दोघं पानिपतावर गेले ते परत आले नाहीत, नावंसुद्धा उरली नाहीत, फक्त "ते दोघं" म्हणतात. दरवर्षी संक्रांतीला सासरे तिळगूळ वाटायच्या आधी देवापुढे दोन वड्या वेगळ्या ठेवतात. पानिपतला नक्की काय बघायला मिळतं? लोक म्हणतात काही नाही तिथे, जाऊ नका.

कृष्णाकाठ
@पाटलीण_बाई, जा. तुम्ही तर जाच.

काही नाही असं म्हणणारे इमारती शोधत असतात. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला आंब नावाची जागा आहे. तिथे एक मोठं काळपट आंब्याचं झाड होतं, आता झाड नाही, त्या जागी विटांचा खांब आणि लोखंडी सळई, भोवती कुंपण, बाग आणि स्मारक. बाकी चहूकडे सपाट शेतं. आम्ही गेलो तेव्हा गव्हाची पेरणी नुकतीच झालेली, पाणी सोडलेलं. सपाट म्हणजे किती सपाट ते सह्याद्रीतल्या माणसाला तिथे गेल्याशिवाय कळत नाही. आडोसा नाही, टेकडी नाही, ओढा नाही. नवरा म्हणाला, इथे गनिमी कावा करायचा तरी कुठे. तेवढ्या एका वाक्यात मला १४ जानेवारी १७६१ जास्त समजली.

शहरात इब्राहिम लोदीची कबर आहे, ती पहिल्या लढाईची, १५२६ ची, आणि बाबराने त्या विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद. म्युझियमही आहे. दिल्लीहून सकाळी लवकर निघालात तर साधारण ९० किमी, वाटेत मुरथलला पराठे खाऊन सगळं एका दिवसात होतं. १४ जानेवारीला तिथे कार्यक्रम असतो, आपल्याकडून बरीच मंडळी जातात. पण घाटवाट यांनी धुक्याबद्दल लिहिलंय ते वाचून मगच ठरवा, आणि त्या दिवशी अंगावर दोन स्वेटर असतानाही किती थंडी वाजते ते बघा.

सासूबाईंनी पुण्याहून डबीत हळदकुंकू आणलं होतं. खांबाजवळ वाहिलं. तिथे काम करणाऱ्या बाईने विचारलं, कुठून आलात, तर म्हणाल्या, "पूना से. हमारे लोग यहाँ हैं."

पाटलीण_बाई
सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात येत्या नोव्हेंबरातच जाऊया, धुक्याआधी. वय ७८ आहे पण उभे राहतात, चालतात. ढोबळ प्लॅन असा करतोय: रविवारी निघून इंदूर, सोमवारी शिवपुरी, मंगळवार-बुधवार ग्वाल्हेर (वाटेत दतियाला खालूनच दर्शन), गुरुवारी आग्रा, शुक्रवारी पहाटे ताज, शनिवारी डीग आणि वाटेत कुम्हेर, रविवारी दिल्ली, सोमवारी लाल किल्ला, मंगळवारी पानिपत. बरोबर वाटतंय का?

ग्वाल्हेरकर_मराठी
दतिया ग्वाल्हेरच्या पुढे झाशीच्या रस्त्यावर आहे, शिवपुरीहून येताना वाटेत लागत नाही. बुधवारी आमच्याकडून सकाळी जाऊन दुपारी परत या. दोन दिवसात ग्वाल्हेर आणि दतिया दोन्ही घाईत होतील, एक रात्र वाढवा. आणि सासऱ्यांना घेऊन घरी चहाला या, व्यनि करतो.

कृष्णाकाठ
एक रात्र वाढवाच, त्याने तुमची दुसरी अडचणही सुटेल. शुक्रवारी ताज बंद असतो आणि लाल किल्ला सोमवारी बंद. ग्वाल्हेरला एक दिवस जास्त राहिलात तर शुक्रवारी आग्र्याला पोचाल, त्या दिवशी दुपारी किल्ला करा, शनिवारी पहाटे ताज, रविवारी कुम्हेर-डीग, सोमवारी दिल्लीला पोचून विश्रांती, मंगळवारी लाल किल्ला, बुधवारी पानिपत. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये उभं राहिलात की वर छताकडे बघा. तिथलं उरलंसुरलं चांदीचं छत १७६० मध्ये भाऊसाहेबांनी फौजेच्या खर्चासाठी उतरवून वितळवलं. नऊ लाख आणि काही रुपये निघाले असं वाचलंय. तो पैसा घेऊन फौज तिथून पुढे कुंजपुऱ्याला आणि मग पानिपतला गेली, म्हणून लाल किल्ला आधी आणि पानिपत नंतर हाच क्रम ठेवा.

तिळाच्या वड्या सोबत न्या. नोव्हेंबर असला तरी न्या.